फाट्यावर कोण उभे आहे? : फ्रॉस्टच्या एका कवितेचे वाचन

काही कविता इतक्या शिकवल्या जातात की पुढे त्या वाचण्याची गरज कुणाला भासत नाही. रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीची 'द रोड नॉट टेकन' ही त्यांपैकी एक. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या 'बीहाइव्ह' या पुस्तकात ती २००६ पासून कित्येक वर्षे होती. महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या तासाला ती भेटते, निरोपसमारंभाच्या भाषणात भेटते, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांतही भेटते. तिचा अर्थ सर्वांना पाठ आहे. रानात दोन वाटा फुटतात, कवी त्यांतली कमी वर्दळीची वाट धरतो आणि त्या धाडसाने त्याचे आयुष्य बदलून जाते; म्हणून तुम्हीही मळलेली वाट सोडा. (अनंत फंदीने आपल्या फटक्यात मराठी माणसाला नेमका याच्या उलट उपदेश करून ठेवला आहे, आणि तोही शाळांतून पाठ करून घेतला गेला. एकाच पोराला हे दोन्ही उपदेश करताना कुणाची जीभ अडखळल्याचे ऐकिवात नाही.)

अशा कवितेकडे आपण का वळावे? एका कार्यकर्त्याने मला हे सरळच विचारले. माझे उत्तर साधे आहे : ती आपल्या मुलामुलींना शिकवली जाते म्हणून. वर्गात सांगितला जाणारा तिचा अर्थ हा नुसता कवितेचा अर्थ नसतो, आयुष्याचा हिशेब कसा मांडावा याचा तो धडा असतो. ज्याला यश आले त्याने योग्य वाट निवडली. या वाक्याचा उरलेला अर्धा भाग शिक्षक उच्चारत नाहीत, पण बाकावरचा मुलगा तो ऐकतो : ज्याला यश आले नाही त्याने चुकीची निवडली. तीनदा परीक्षा देऊन घरी परतलेला, आता बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर जाणारा तरुण स्वतःकडे याच नजरेने पाहायला शिकतो. त्याच्या वाट्याला येणारा पश्चात्ताप त्याचा आहे की त्याच्यावर लादलेला आहे, हा प्रश्न साहित्याचा आहे आणि चळवळीचाही.

आधी कविता प्रत्यक्षात काय म्हणते ते पाहू. ती 'अटलांटिक मंथली' या मासिकाच्या ऑगस्ट १९१५ च्या अंकात आली आणि १९१६ साली 'माउंटन इंटरव्हल' या संग्रहात अगदी आरंभी छापली गेली. १९१२ ते १९१५ या काळात फ्रॉस्ट इंग्लंडात होता. तेथे एडवर्ड थॉमस या लेखकाशी त्याची दाट मैत्री जमली. ग्लॉस्टरशायरच्या बाजूला दोघे पायी भटकत. कोणत्याही वाटेने गेले तरी थॉमस मागाहून हळहळे, की दुसरीकडून गेलो असतो तर काही वेगळे दिसले असते. मित्राच्या या स्वभावाची केलेली थट्टा हे कवितेचे मूळ. थॉमसला ती थट्टा म्हणून कळली नाही. जुलै १९१५ मध्ये तो सैन्यात दाखल झाला आणि ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत मारला गेला. ही कविता फसवी आहे, तिच्यापासून सावध राहा, असे फ्रॉस्ट पुढे श्रोत्यांना बजावत असे. त्याचे कुणी फारसे ऐकले नाही.

फसवी म्हणजे कशी? कवितेतला वाटसरू दोन्ही वाटा न्याहाळतो. एक थोडी अधिक गवताळ वाटते, म्हणून तो ती धरतो. पण लगेच पुढच्या ओळींत तो कबूल करतो की जाणाऱ्यायेणाऱ्यांनी दोन्ही सारख्याच झिजवल्या होत्या आणि त्या सकाळी दोन्हींवर पडलेला पाचोळा सारखाच न तुडवलेला होता. म्हणजे 'कमी वर्दळीची वाट' ही या कवितेत मुळात नाहीच. मग ती आली कोठून? ती शेवटच्या कडव्यात येते, आणि तेथे काळ बदललेला आहे. पुष्कळ वर्षांनी आपण ही हकिगत सुस्कारा टाकून सांगू आणि म्हणू की मी विरळ वाट धरली, त्यानेच सारा फरक पडला, असे वाटसरू आताच जाणून आहे. आज त्याला ठाऊक आहे की वाटा सारख्या होत्या. उद्या आपण ते सांगणार नाही, हेही त्याला ठाऊक आहे.

माझ्या मते ही कविता वाट निवडण्याची नाहीच. पोहोचलेला माणूस आपल्या पोहोचण्याची गोष्ट कशी रचतो, त्याची ती आहे. एवढे तर चांगले इंग्रजी समीक्षकही सांगतात. पण ते जेथे थांबतात तेथून आपले वाचन सुरू व्हायला हवे.

डाळज हे इंदापूर तालुक्यातले गाव, किंवा खरे तर एक, दोन, तीन अशा क्रमांकांनी ओळखली जाणारी गावे. भिगवणच्या पुढे, एका अंगाला पुणे-सोलापूर महामार्ग आणि दुसऱ्या अंगाला उजनीचे पाणी. तेथल्या आणि आसपासच्या मुलामुलींबरोबर मी ही कविता वाचली. वाचायची म्हणजे आधी मराठीत आणायची. पहिल्याच शब्दाला अडलो. इंग्रजी कवीचे 'वुड' मराठीत आणताना सगळ्यांनी एकमुखाने 'रान' असा शब्द दिला. पण इंदापूरकडे रान म्हणजे जंगल नव्हे, रान म्हणजे शेत. "रानात गेलाय" म्हणजे शेतावर गेला आहे. आणि शेत म्हटले की लगेच विचारले जाते : कुणाचे? फ्रॉस्टच्या रानाला मालक नाही. तेथे वाटसरू निवांत थांबतो, वाकून दूरवर पाहतो, मन बदलतो. आपल्याकडे ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो दुसऱ्याच्या रानात असा रेंगाळला तर त्याला आधी विचारणा होते, मग निवड.

दुसरा शब्द 'फाटा'. वाट फुटते तेथे फाटा, हे बरोबरच. महामार्गावर प्रत्येक गावाचा फाटा आहे. यावर कंपनीत रात्रपाळी करून आलेला एक मुलगा म्हणाला, "सर, फाट्यावर माणूस निवडायला उभा नसतो. गाडी कधी येतीय ते बघायला उभा असतो." वर्गात हशा पिकला. पण मराठी भाषाच या मुलाच्या बाजूने आहे. आपल्याकडे वाट चालतात त्याहून अधिक वाट पाहतात. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे अनुभव लिहून ठेवले, त्या छोट्या पुस्तकाचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे, हे या ठिकाणी आठवल्याशिवाय राहत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो माझ्या मते या कवितेच्या गाभ्यालाच भिडतो. फ्रॉस्टचा वाटसरू वाटेची पारख कशावरून करतो? तिच्यावर उमटलेल्या पावलांवरून. गवत किती दबले, माती किती झिजली, पाचोळा किती तुडवला गेला. वाट ही पावलांची नोंदवही आहे असे तो गृहीत धरतो. हे गृहीत पुणे जिल्ह्यात धरता येत नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू बांधावा आणि आपण चाललेली धूळ मागे झाडत जावे, असा दंडक होता. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलन' या निबंधात त्याचा दाखला दिला आहे. गळ्यातल्या मडक्याबद्दल आपण पुष्कळ लिहिले-बोललो. झाडूचा विचार मात्र बहुधा अपमानाची खूण म्हणूनच केला. त्यात आणखी एक गोष्ट आहे : ज्याला आपले पाऊल पुसत चालावे लागते, त्याच्या चालण्याचा पुरावाच उरत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने गेला, ओझी घेऊन गेला, दवंडी घेऊन गेला, मयताचा निरोप घेऊन परगावी गेला, आणि तरी ती वाट 'न तुडवलेली' राहिली.

खेड्यातला माणूस हे चटकन समजतो, कारण वाट आणि हक्क यांचे नाते त्याला कायद्यातून ठाऊक असते. शेताला जायचा रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दावा करता येतो, आणि तेथे शाबीत करायची असते ती वहिवाट. पूर्वापार चालत आलो, हे दाखवावे लागते. पाऊल हा पुरावा आणि पुरावा हा हक्क. ज्याची पावलेच झाडून टाकली, त्याने वहिवाट कोठून शाबीत करायची? म्हणून वाट कमी तुडवलेली आहे असे कुणी म्हटले की आपण विचारले पाहिजे, पावले मोजली कुणी? आणि कुणाची मोजली?

डाळजच्या बाजूला वाटांच्या नोंदी आणखी एका प्रकारे पुसल्या गेल्या आहेत. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. भीमेच्या काठची गावे, गावठाणे, मळे, शिवेवरच्या वाटा पाण्याखाली गेल्या. पाणी फार उतरले की जुन्या पळसदेवचे देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. भिगवणला रोहित पक्षी पाहायला पुण्यामुंबईची मंडळी येतात, ती नावेत बसून कुणाच्या तरी बांधावरूनच जात असतात. उठलेल्या गावांतले एक आजोबा आमच्या वाचनाला येऊन बसले होते. दोन वाटांची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "फाटा असता तर थांबलो असतो, बाळा. पाणी आलं, निघालो." ज्याच्या नावावर जमीन होती त्याच्यापुढे निदान मोबदल्याचा प्रश्न होता, दाद मागण्याची जागा होती. दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्यापुढे तो फाटाही नव्हता. नव्या गावठाणात आपली वस्ती पुन्हा कडेलाच पडली, हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही, नुसते सांगितले.

येथवर आले की आपल्यातले पुष्कळ जण एका निष्कर्षावर उडी मारतात : ही कविता आपली नाही, निवड हा सवर्णांचा चोचला आहे, आम्हांला निवड नव्हतीच, तेव्हा पश्चात्ताप कसला? मला हे मान्य नाही. नकार ही दलित साहित्याची मोठी शक्ती आहे, पण प्रत्येक प्रश्नाला नकार दिला की विचार करण्याचा त्रासही आपोआप टळतो. 'आम्हांला निवड नव्हती' हे आपल्या आज्यापणज्यांबद्दलही पूर्ण सत्य नाही. उलट, ज्यांच्यापुढे निवडीला जागा सर्वांत कमी होती त्यांनी केलेल्या निवडी जगाच्या इतिहासात नोंदवण्याजोग्या आहेत.

महाडचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. त्यानंतर गावोगावच्या वस्त्यांनी मेलेली गुरे ओढणार नाही, असे ठरवले. हे ठरवणे म्हणजे काय होते? गावकीचे काम सोडले की बलुते बंद, भाकर बंद, दुकानदार मीठमिरची देईना, रानातून सरपण आणू देईनात. त्या फाट्यावर एकटा माणूस उभा नव्हता, अख्खी वस्ती उभी होती, आणि ज्यांच्या पोटाला चिमटा बसणार ती लहान पोरे काही विचारात घेतली गेली नव्हती. म्हणून तेथे हळहळही झाली असेल. उपाशी पोर रडले त्या रात्री कुणा आईने म्हटलेही असेल, कशाला सोडले काम? आपल्या लिखाणात या आईला जागा मिळालेली नाही. आपण तिला भेकड ठरवतो किंवा तिच्या तोंडी क्रांतीचे वाक्य घालतो. तिचा पश्चात्ताप आणि तिचे ठाम राहणे हे दोन्ही एकाच रात्रीचे असू शकते, हे सांगणारी कविता आपल्याला लिहायची आहे.

बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी जी घोषणा केली तिची बांधणीच निवडीची आहे. जन्म हाती नव्हता, मरण हाती आहे. ३१ मे १९३६ ला मुंबईच्या परिषदेत त्यांनी जे भाषण केले त्याचे नाव 'मुक्ती कोन पथे?', म्हणजे पुन्हा वाटेचाच प्रश्न. आणि नागपूरची धर्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. एका फाट्यावर एकवीस वर्षे! वाटा तपासणे, लोकांना समजावणे, विरोधकांना उत्तरे देणे, स्वतःशी वाद घालणे. फ्रॉस्टच्या वाटसरूला हे सारे एका सकाळी उरकता येते, कारण त्याच्या निवडीने फक्त त्याचेच बरेवाईट होणार असते. मागे लाखो माणसे उभी असली की माणूस गवताची उंची बघून वाट ठरवत नाही.

याच बाबासाहेबांच्या आयुष्यात एक फाटा असा आला की जेथे दोन्ही वाटा बंद होत्या. त्याची तारीख या कवितेच्या तारखेला लागून आहे, म्हणून तो येथे मांडतो. १९१५ च्या ऑगस्टमध्ये कविता छापली गेली तेव्हा ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते; त्याच वर्षी ते एम. ए. झाले होते. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारून पाहिले. दोन्ही घरे मिळाली नाहीत. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले, आईवडिलांच्या आठवणीने. अठरा वर्षांनीही तो दिवस आठवला की डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

फ्रॉस्टच्या शेवटच्या कडव्याशेजारी हे ठेवून पाहा. तोही पुष्कळ वर्षांनी सांगणार आहे, हेही पुष्कळ वर्षांनी सांगत आहेत. बडोदा सोडले म्हणूनच पुढचे सारे घडले, असे एखाद्या चरित्रकाराने सहज म्हटले असते. बाबासाहेब ते म्हणत नाहीत. अमेरिकेतून विद्वान होऊन आलेल्या माणसाला या देशात राहायला खोली मिळत नाही, हिंदूला जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्य, एवढेच ते नोंदवतात. बागेतल्या पाच तासांना त्यांनी धाडसाची गोष्ट केले नाही. माझ्या दृष्टीने साहित्यिक प्रामाणिकपणाचा हा फार मोठा नमुना आहे, आणि आपल्या आत्मकथनांनी तो अजून पुरेसा अभ्यासलेला नाही.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतही दोन वाटा आहेत. एक जण जात लपवतो, दुसरा जात सांगून उराशी भिडतो. कोणती वाट बरोबर, असा प्रश्न परीक्षेत घालतात. कथा वाचून संपते तेव्हा उरते ते वेगळेच : दोन्ही वाटा एकाच बंदिस्त आवारातल्या आहेत.

आता पश्चात्तापाकडे येतो. मराठीत या भावनेला बरेच शब्द आहेत आणि त्यांच्यातला फरक समीक्षेने वापरला पाहिजे. पश्चात्ताप हा केलेल्या कृत्याचा असतो, त्यात दोष कबूल केलेला असतो. हळहळ निसटलेल्या गोष्टीची. चुटपुट बारीकसारीक गोष्टीची. थॉमसची होती ती चुटपुट. खंत रेंगाळते. आणि सल हा काट्यासारखा आत राहतो, त्याला कृत्याची गरज नाही. आपल्या साहित्यात ज्याला सरसकट 'वेदना' म्हटले जाते तिच्यात हे सगळे मिसळलेले आहे. मला वाटते, दलित आत्मकथनांतला खरा भाव सलाचा आहे, आणि तो न धरलेल्या वाटेबद्दलचा नाही. तो मागे राहिलेल्या माणसांबद्दलचा आहे.

आमच्या वाचनात हे एका मुलीने नेमके पकडले. ती म्हणाली, "भाऊ बारामतीला शिकायला गेला आणि मी घरी राहिले. एकालाच पाठवणं परवडणार होतं. भाऊ म्हणतो, मी कष्टाची वाट निवडली. निवडली खरी, पण फाट्यावर मी पण होते ना?" कवितेत एकच वाटसरू आहे. त्या सकाळी रानात दुसरे कुणी नाही. आपल्या घरांत मात्र एकाने धरलेली वाट ही बहुधा दुसऱ्याची बंद झालेली वाट असते, आणि ते दुसरे माणूस बहुधा बाई असते. थोरल्या बहिणीने ऊस तोडला म्हणून धाकटा साहेब झाला, आईने मंगळसूत्र मोडले म्हणून फी भरली गेली. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) लिहिले ते वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून. लिहिणे ही त्यांनी निवडलेली वाट होती. पण तिच्यावरही पाऊल उमटू न देता चालावे लागले. झाडू एका हातातून दुसऱ्या हातात जातो.

आणि तो कधीकधी आपल्याच माणसाच्या हाती येतो. सत्कारसमारंभातली भाषणे आठवा. अधिकारी झालेले, प्राध्यापक झालेले आपले बांधव उभे राहतात. सुरुवात गरिबीने होते, मग कंदिलाचा उजेड, मग जिद्द, आणि शेवटी : इतरांनी सोपी वाट धरली, मी अवघड धरली. फ्रॉस्टचे शेवटचे कडवेच ते, फक्त मराठीत. त्या भाषणात वसतिगृह काढणारे कार्यकर्ते नसतात, घटनेच्या कलमांसाठी रात्री जागवलेला माणूस फोटोपुरता असतो, घरी राहिलेली बहीण तर नसतेच. ती वाट आधी शेकडो पायांनी झिजवलेली होती. वक्ता ती न तुडवलेली होती असे सांगतो, म्हणजे त्या साऱ्यांची पावले झाडून टाकतो. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत बोलून दाखवली ती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. तिच्याकडे आपण नीतीचा उपदेश म्हणून पाहतो. ती गोष्ट सांगण्याच्या पद्धतीबद्दलही आहे, असे मला वाटते.

म्हणून ही कविता वर्गातून काढून टाकू नये, असे माझे मत आहे. ती शेवटाकडून शिकवावी. चौथे कडवे आधी घ्यावे, आणि विचारावे, हा माणूस सुस्कारा का टाकतो? जे सांगतो आहे ते खरे नाही हे त्याला ठाऊक आहे म्हणून? शिक्षकाने एवढे केले तरी तीनदा नापास झालेल्या मुलाच्या डोक्यावरचे ओझे थोडे हलके होईल, कारण यशाची गोष्ट मागाहून रचलेली असते तशी अपयशाचीही असते.

मात्र कवितेची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. फ्रॉस्टच्या वाटसरूची पहिली हळहळ अशी, की आपण एकच असल्याने दोन्ही वाटांनी जाता येत नाही. एकसंध 'मी' तो गृहीत धरतो. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) येथे त्याच्यापुढे जाते. त्यात माणूस एक नाही. शिकून, नोकरी करून, कवी होऊन शहरात पोहोचलेला दया पवार आहे, आणि धामणगावचा, कावाखान्याचा दगडू मारुती पवार आहे. दोघांनी दोन वाटा चालल्या आहेत, एकाच देहात. 'बलुतं' आले तेव्हा आपल्यातल्याच काहींनी घरची घाण चव्हाट्यावर मांडली म्हणून लेखकाला दोष दिला. ती मंडळी पोहोचलेल्या पवारांची गोष्ट ऐकायला आली होती. त्यांना ती मिळाली नाही, कारण पुस्तकाची रचनाच उलटी आहे. फ्रॉस्टकडे पोहोचलेला माणूस सांगतो आणि ऐकणारा कोण ते कळत नाही. 'बलुतं'मध्ये पोहोचलेला गप्प बसून ऐकतो, आणि सांगतो तो दगडू.